फक्त वर जाणारा जिना

मी एक जुना सरकता जिना आहे, मित्रांनो. हल्ली सरकत नाही, पण तसं म्हणवून घ्यायची सवय काही जात नाही. एका जागी स्वस्थ राहणं माझ्या स्वभावातच नाही. थांबलो की गुदमरायला होतं, म्हणून माझी गोष्ट पटापट सांगून टाकतो.

कारखान्यात माझी साखळी दात्यांवर बसली, तेलाची पहिली धार मिळाली आणि मी असा सुटलो की मला आवरताना कारागिरांच्या नाकी नऊ आले. मग एका दुमजली दुकानाची भिंत फोडून मला आत बसवलं. कपबश्यांपासून गाद्यांपर्यंत सगळं एका छपराखाली विकणाऱ्या दुकानांपैकी ते एक. मालकांच्या आजोबांनी हातगाडीवर चादरी विकल्या, वडिलांनी दुकान थाटलं आणि मालकांनी गावोगाव शाखा काढल्या. प्रत्येक शाखेत माझ्यासारखा एक जिना होता, आणि प्रत्येक जिना फक्त वर जायचा.

"गिऱ्हाईक वर आलं पाहिजे. खाली जायची सोय आपण कशाला करून द्यायची?" असं मालक म्हणायचे. उतरायला मागच्या कोपऱ्यात एक अरुंद दगडी जिना होता. तिथवर पोचायला गाद्या, पडदे, दिवे असं सगळं पालथं घालावं लागे. जाता जाता माणूस काहीतरी उचलतोच, हा त्यांचा होरा. बरीच वर्षं तो खराही ठरला.

सुरुवातीला लोक नुसते माझ्यावर चढायला यायचे. कुणी देवाचं नाव घेऊन पाय ठेवायचं, कुणी नवऱ्याचा दंड घट्ट धरायचं. एका आजोबांनी वर पोचल्यावर माझ्याकडे वळून आभार मानले. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

वर, माझ्या तोंडाशीच शिवणसामानाचं काउंटर होतं. दोरे, बटणं, लेस, अस्तर. ते सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, कारण माझी देखभाल करणारा मिस्त्री त्यांचा धाकटा दीर होता आणि त्याची हाक सगळ्यांच्या तोंडी बसली होती. नवऱ्याच्या माघारी त्या काउंटरवरच त्यांचं घर चालत होतं.

पुढे गिऱ्हाइकं म्हातारी झाली. वहिनींचेही गुडघे कुरकुरू लागले. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हवं तर तुमच्या आजीला विचारा. बायका माझ्या पायथ्याशी उभ्या राहून वर बघायच्या, "जायला जाऊ गं, पण उतरवणार कोण?" म्हणायच्या आणि परत फिरायच्या. वरचा मजला ओस पडला. त्यावर मालकांनी काय करावं? माझा वेग वाढवला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मी धापा टाकत रिकाम्या पायऱ्या वर नेत राहिलो आणि उरलेसुरले धीट लोकही बिचकले.

मग मालकांनी सांगून टाकलं, महिनाअखेरीपर्यंत खप वाढला नाही तर शिवणसामान बंद. मिस्त्री तेल घालायला आला तेव्हा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, हा उलटा चालतो का हो?"

"चालतो की. किल्ली फिरवायची फक्त."

"मग चारनंतर फिरवा ना. तोवर वर जाऊ दे, मग खाली येऊ दे. मालक तेव्हा दुसऱ्या शाखेत असतात."

"माझी नोकरी जाईल, वहिनी."

"तुमची जाणार असेल तर राहू दे. माझी तर गेल्यातच जमा आहे."

दुसऱ्या दिवशी चारनंतर मिस्त्रीनं किल्ली फिरवली.

पहिल्यांदा खाली जाताना मी अडखळत, कुरकुरत गेलो. पण बातमी कानोकानी पसरली. बायका चारच्या आधी वर यायच्या, वहिनींशी गप्पा मारत दोरे निवडायच्या आणि माझ्यावर उभ्या राहून आरामात उतरायच्या. काउंटरला पुन्हा गर्दी झाली. त्या दिवसांत मी खरंच सुखात होतो.

एका संध्याकाळी मालक अवचित आले. सवयीनं, वर न बघता त्यांनी माझ्यावर पाय ठेवला आणि चढू लागले. चढताहेत, चढताहेत, पण जागचे हलेनात. वरून पुड्या घेतलेल्या बायकांची रांग आली. "अहो, बाजूला व्हा, उतरू द्या आम्हाला," पहिली म्हणाली. मालक मागे सरले. मग त्यांनी एकेकीला हात देऊन उतरवलं, "सावकाश हं, ताई," म्हणत. प्रत्येकीच्या हातातली पुडी त्यांना दिसत होती. मला वाटलं, जिंकलो. वर वहिनी गळ्यात टेप अडकवून हसत उभ्या होत्या.

शेवटची बाई गेल्यावर मालकांनी मिस्त्रीपुढे हात पसरला. "किल्ली."

"मालक, खप तरी बघा."

"बघितला. पण माझ्या वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकाला बाहेरची वाट दाखवत नाहीत."

त्यांनी स्वतः किल्ली फिरवली, मला पुन्हा वर धाडलं आणि ती खिशात टाकली. महिनाअखेरीस वहिनींचं काउंटर बंद झालं. मग वरचा मजला, मग एकेक करून सगळ्या शाखा. आता दुकानात दुसऱ्या कुणाची खोकी रचलेली आहेत आणि मी अंधारात चुळबुळत पडून आहे.

मित्रांनो, तुम्ही कुणाला आग्रहानं वर बोलावलंत, तर त्याच्या उतरण्याचीही काळजी घ्या. काउंटरच्या शेवटच्या दिवशी वहिनी दिराचा हात धरून मागच्या दगडी जिन्यानं उतरल्या. गाद्यांच्या पलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. एक पायरी उतरायच्या, थांबायच्या, मग दुसरी. आणि मी इकडे रिकाम्या पायऱ्या घेऊन जोरात वर पळत होतो.