सहा खिळे आणि एक अंगठा

मी एक जुनी गिटार आहे, मित्रांनो. माझा रंग मुळात लाल. जिथे हात घासला तिथे आता लाकूड दिसते, आणि जिथे खिडकीचे ऊन पडते तिथे मी नारिंगी झाले आहे. माझ्या खालच्या टोकाला एक लोखंडी दांडी आहे. ती हलकेच दाबली की वाजणारा सूर खाली झुकतो आणि सोडली की थरथरत जागेवर येतो. लोक मला त्या थरथरीवरून ओळखत.

कारखान्यात ती दांडी बसवणारा कारागीर शेजाऱ्याला म्हणाला होता, "हिला तारा लावणं म्हणजे डोक्याला ताप. बघू, कुणाच्या गळ्यात पडते."

मी मालकांच्या गळ्यात पडले. ते दिवसभर छापखान्यात काम करत आणि संध्याकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये मला वाजवत. गाणे संपताना ते दांडी दाबत, तेव्हा चमचे वाजायचे थांबत. याहून मोठे कौतुक मी पाहिलेले नाही.

कारागीर मात्र खोटे बोलला नव्हता. दांडीला जोडलेला एक गोल रूळ आहे, त्यावर सहा बारीक खिळे. प्रत्येक तारेच्या टोकाला एक कडी असते. ती खिळ्यात अडकवायची, तार रुळाला वळसा घालून तारा उचलून धरणाऱ्या घोडीवरून वर न्यायची आणि खुंटीला पिळायची. तार ताणली जाईपर्यंत कडी खिळ्यावरून निसटते. म्हणून एकाने खुंटी पिळायची आणि दुसऱ्याने कडी अंगठ्याने दाबून धरायची. धरायचे काम मालकीणबाईंचे. त्या घरी शिवणकाम करत. त्यांचा अंगठा कणखर होता आणि जीभही.

"धरलंस?"

"धरलंय. आवरा लवकर, गॅसवर दूध आहे."

"अजून नको सोडू."

"अहो, खळी पडली अंगठ्याला. एवढ्या वर्षांत सुईनं पाडली नाही, ती तुमच्या या सवतीनं पाडली."

"सवत तुझ्याच हातून नटते ना?"

"सोडू?"

"सोड."

सवत म्हटल्याचा मला कधी राग आला नाही. नटवताना त्या माझ्या पाठीखाली आपली जाड चादर घालत, ओरखडा पडू नये म्हणून. जुनी तार काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मगच पुढची, असा त्यांचा नेम होता. सहा तारा होईपर्यंत दोघांचे एक भांडण उरकलेले असे.

पुढे बाई आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत.

बऱ्याच महिन्यांनी मालकांनी मला भिंतीवरून खाली काढले. धरायला कुणी नव्हते. त्यांनी कडीवर चिकटपट्टी लावून पाहिली, हनुवटीने दाबून पाहिले. तार निसटून त्यांच्या गालाला लागली. तेव्हा चिडून त्यांनी एकदम सगळ्या तारा उतरवल्या. दांडीखालची स्प्रिंग आणि घोडी या दोन्ही वस्तू तारांच्या दाबावरच उभ्या असतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरी हातून झाले. घोडी कलंडली आणि स्प्रिंग उडून घरंगळत गेली. ते गुडघ्यांवर बसून कपाटामागे, पलंगाखाली शोधत राहिले. शिवणयंत्राखाली त्यांनी पाहिले नाही. यंत्राच्या सुईखाली एक अर्धा शिवलेला फ्रॉक तसाच होता, आणि त्याला ते हात लावत नसत.

मग मी पुन्हा भिंतीवर गेले, तारांवाचून. पूर्वी मालक नुसते खोकले तरी माझ्या तारा बारीक गुणगुणत. आता ते खोकत, आणि खोलीत तेवढेच ऐकू येई. ते ओट्याशी उभ्यानेच जेवत. रेडिओ लावत आणि गाणे सुरू झाले की बंद करत. माझ्या खुंट्यांवर धूळ बसली. कोळ्याने जाळे विणले, पण त्याच्या तारा काही वाजेनात.

एकदा मालकांची सासरी गेलेली मुलगी आली, ती एक खोके घेऊन. "बाबा, नवा रूळ आणलाय. यात खिळेच नाहीत, आरपार भोकं आहेत. सुई ओवतो तशी तार ओवायची, झालं! घोडीही नवी आहे, तिच्यावर चाक्या आहेत, तार अडकणार नाही. आता दुसरं माणूस लागतच नाही."

"लागत नाही?"

"नाही. एकट्याला जमतं."

"तेच तर," मालक म्हणाले आणि खोके फळीवर ठेवून दिले.

मुलीला कळले नाही. मला कळले. पण मित्रांनो, तारा नसलेल्या गिटारीने बोलायचे कसे? त्या खोक्यात माझा आवाज होता, आणि ते उघडले तर मालकांच्या शेजारची जागा कायमची रिकामी ठरणार होती.

पुढच्या खेपेला मुलीने शिवणयंत्र मागितले. मालक यंत्रापाशी जाऊन बसले. मग त्यांनी स्वतः तो फ्रॉक सुईखालून सोडवला आणि घडी घालून तिच्या हातात दिला. दोघांनी यंत्र सरकवले. खाली दोऱ्याची रिळे होती, खडू होता आणि माझी स्प्रिंग होती.

"हिच्याकडे होती होय," मालक म्हणाले. त्यांनी स्प्रिंग सदऱ्याला पुसली आणि फळीवरचे खोके काढले.

चादर अंथरली गेली. रूळ बदलला, नवी घोडी जागेवर आली. एकेक तार भोकातून ओवून मालकांनी एकट्यानेच पाच तारा चढवल्या. कुठेही निसटले नाही. खोलीत कुणी भांडत नव्हते. सहावी तार ओवून ते थांबले.

"जरा धर," ते म्हणाले.

"बाबा, यात धरावं लागत नाही."

"ठाऊक आहे. तरी धर."

मुलीने रुळावर अंगठा दाबला. मालकांनी खुंटी पिळली. तार सुरात आली, तरी ते खुंटीवरचा हात काढीनात.

"सोडू?" तिने विचारले. लहानपणी शेजारच्या खोलीतून ऐकलेला शब्द तिने नेमका तसाच उच्चारला.

"अजून नको," मालक म्हणाले.

यंत्र गेले, मुलगीही आपल्या घरी गेली. आता मालक तारा एकटेच बदलतात आणि झटकन बदलतात. शेवटची तार लागली की रुळावर अंगठा ठेवून ते थोडा वेळ बसतात, मग दांडी दाबतात.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल तर तिच्या तारा गंजू देऊ नका, आणि बदलताना सगळ्या एकदम उतरवू नका. आणि तिथे कुणी एकटेच तारा लावत बसलेले दिसले, तर गरज नसली तरी जवळ बसा. अंगठा ठेवा. "सोडू?" असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत सोडू नका.