धरा श्वास

"धरत नाही," मशीनच्या बोगद्यातून वहिनी म्हणाली.

काचेअलीकडच्या स्टुलावर एक खोकं ठेवलं होतं. त्यातून, तिच्याच आवाजात, तिला नुकताच हुकूम सुटला होता, "धरा श्वास." म्हणजे वहिनीनं वहिनीला सांगितलं आणि वहिनीनं वहिनीला धुडकावलं. मशीन चालवणारा टकलू माझ्याकडे बघू लागला. मी तिचा दीर, सोबतीला आलेला.

"तुम्ही तरी सांगा हो त्यांना," टकलू म्हणाला. "तीन फोटो ढगाळ आले."

"मी सांगू? माझ्या भावाला जन्मात जमलं नाही ते."

या खोलीत वहिनीनं उभी हयात घालवली. छातीपोटाचा फोटो काढायचा तर माणसानं श्वास रोखून पडावं लागतं. ते सांगायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला धराबाई म्हणत. आवाजच तसा होता. एकदा एका म्हाताऱ्याला 'धरा' सांगून ती दारात कुणाशी तरी भांडायला गेली. भांडण रंगलं. परत येते तो म्हातारा तसाच, गाल फुगवून पडलेला. "झालं का?" म्हणत उठला आणि त्या शिल्लक राहिलेल्या श्वासांवर पुढं अकरा वर्षं जगला. खोटं वाटत असेल तर त्याच्या सुनेला विचारा. ती अजून वहिनीच्या नावानं बोटं मोडते.

पण 'सोडा' हा शब्द तिनं कधी कुणाला म्हटला नाही. "सोडा काय? गुरं आहेत का दावणीला?" म्हणायची. माणूस बघून सुटका करायची. मास्तर असेल तर, "घंटा झाली, गुरुजी." बसचा कंडक्टर असेल तर, "चला, डबल बेल." एखादी कजाग सासू असेल तर, "बोला आता, सून बाहेरच बसलीय." माणूस हसायचा आणि हसता हसता श्वास आपोआप सुटायचा.

मग चार विद्वान आले. एक पदार्थविज्ञानवाला. त्याला या मशीनच्या चुंबकाचं सगळं कळे, फक्त मनगटावरचं घड्याळ काढून आत जावं एवढं कळत नसे. ते घड्याळ मशीनला जे चिकटलं ते म्हणे अजून तिथंच टिकटिकतंय. दुसरा अर्थशास्त्री, कायम दुसऱ्याच्या चहावर जगणारा. तिसरा फोटोंचा डॉक्टर. माणूस समोर उभा असला तरी याला त्याचा फोटो बघितल्याशिवाय ओळख पटत नसे. चौथा म्हातारे मोजायचा. देशात किती, जगात किती, पुढं किती होणार. स्वतः सत्तरीला टेकलेला, पण त्या आकड्यात स्वतःला धरत नसे.

या चौकडीनं मिळून शोध लावला की जगात म्हातारे वाढताहेत, म्हातारे हलतात, आणि हललं की फोटो बिघडतो. एवढं कळायला दोन वर्षं लागली, आणि ते विमानानं जाऊन लोकांना सांगायला आणखी एक. त्या अवधीत आमच्या गल्लीतल्या म्हशीलाही कळलं असतं. मग त्यांच्या लक्षात आलं की धराबाईच्या पाळीत फोटो बिघडत नाहीत. शहाण्या माणसानं काय केलं असतं? बाई ठेवली असती. यांनी आवाज ठेवला.

"बाई, तुमचा आवाज अमर होणार," अर्थशास्त्री म्हणाला.

"आणि मी?"

"तुम्ही आता घरी निवांत बसा. खूप केलंत."

"घरी कोण आहे?" वहिनीनं विचारलं.

माझा भाऊ जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. अर्थशास्त्र्यानं बिस्किट खाल्लं.

खोक्यात भरायला 'धरा श्वास' तिनं एका दमात म्हणून दिलं. सुटकेपाशी गाडं अडलं.

"आत कोण झोपलंय?" तिनं विचारलं.

"कुणीही असेल. सगळ्यांना चालेल असं काहीतरी म्हणा."

"सगळ्यांना चालेल असं मला येत नाही."

मग त्यांनी दुसऱ्याच कुठल्या पुरुषाचा आवाज आणून जोडला. बँकेत फोन लावल्यावर ऐकू येतो तसला, धुऊन इस्त्री केलेला. "आता श्वास सोडा."

म्हातारे कसले सोडतात? धरायला सांगितलं धराबाईनं, आणि सोडा म्हणणारा हा कोण टिकोजीराव? ते धरूनच राहिले. एक आजोबा तर जांभळे होऊन तसेच घरी चालत गेले आणि बायको दारात "अहो" म्हणाली तेव्हा सुटले. चौकडीनं यावरही भाषण ठोकलं: ज्येष्ठांची श्वास रोखण्याची ताकद अपेक्षेपेक्षा जास्त आढळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला कुठं अक्कल लागते?

वहिनीला वाटलं, आता तरी बोलावतील. फोन मांडीवर घेऊन बसायची. मी भेटायला गेलो असलो तर न्हाणीघरात जाताना मला सांगून जायची, "भाऊजी, वाजला तर थांबा म्हणा त्यांना." फोन आला नाही. खोकला आला, आणि तो काही जाईना. शेवटी डॉक्टरनं फोटो काढायला धाडलं, ते याच खोलीत.

"बाई, ऐका ना," टकलू माइकचं बटण दाबून काकुळतीला आला. "मशीन तुमचंच आहे."

"माझं असतं तर मी बाहेर असते. ते खोकं बंद कर. तू सांग, तोंडानं."

टकलूनं खोकं बंद केलं, घसा खाकरला. "बाई, धरा श्वास."

वहिनीनं धरला. एवढी खोकणारी बाई, पण छाती दगडासारखी झाली. मशीन ठोके देऊन गप्प झालं. पडद्यावर फोटो उतरला, स्वच्छ. डाव्या बाजूला एक पांढरा डाग होता. टकलू त्याच्याकडं बघत राहिला आणि मग एकदम भानावर आला.

"सोडा, बाई."

वहिनी हलली नाही.

"बाई, सोडा. झालं."

नाहीच. काचेतून मला तिच्या पायांचे तळवे दिसत होते, एकमेकांना चिकटलेले. तिनं इतक्या जणांना एकेक शब्द दिला होता, प्रत्येकाला त्याच्या मापाचा. तिच्या मापाचा कुणाकडंच नव्हता. टकलूनं माइक माझ्यापुढं सरकवला. आयुष्यभर थापा मारल्या मी, कुठं कधी अडलो नाही. तिथं अडलो.

"वहिनी," मी म्हटलं, "चल, घरी जाऊ."

छाती खाली गेली. लगेच खोकला आला.

बाहेर आल्यावर तिनं पडद्याकडं एकदा पाहिलं. असे डाग तिनं खूप पाहिले होते. टकलू काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "हलले नाही ना?"

"नाही, बाई."

"हं."

मग तिनं स्टुलावरचं ते खोकं उचललं, खाली फरशीवर ठेवलं, आणि स्टुलावर बसून सावकाश चपला घातल्या.