देवदूताचा केस

"आज दिवसभर गरम काही तोंडात घालायचं नाही. कॉफी नाही, सूप नाही," मेरिदेलच्या दातांवर तार बसवताना डॉ. बेलेन यांनी बजावलं होतं. "ही साधी तार नाही. विमानातल्या नळ्यांचे सांधे आवळायला इंजिनियर लोकांनी हा धातू वापरला, आता तो तुझ्या तोंडात आलाय. गार असला की म्हणशील तसा वाकतो. ऊब लागली की त्याला आपला मूळ आकार आठवतो. मग तो कुणाचं ऐकत नाही."

एकोणीस वर्षांच्या मेरिदेलने मान डोलावली, पायऱ्या उतरली आणि सरळ इलोइलोतल्या ला पाझच्या बाजारात जाऊन बाचॉय या शेवयांच्या सूपचा वाफाळता वाडगा पुढ्यात ओढला. चौथ्या घोटाला सगळे दात कुणीतरी पकडीत धरून आवळल्यासारखे कळवळले. डोळ्यांत पाणी, मैत्रिणी हसतायत, आणि ही बर्फाचं पाणी मागतेय. तार निवली, कळ थांबली. मेरिदेल ते विसरूनही गेली.

नऊ वर्षांनी, एका शुक्रवारी, तो वाडगा तिच्या कामी आला.

त्या दिवशी सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी फोनवर तिची चार वर्षांची लेक आयिंग नीट बोललीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. इलोइलोच्या ऑफिसात पावत्या फाडताना मेरिदेलचे दोन आकडे चुकले. शेवटी रजा टाकून तिने दुपारची बोट धरली आणि समोरच्या गिमारास बेटावर घरी आली, तर दार नुसतं ओढलेलं. नवरा मालवाहू जहाजावर, तो घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. पण सासू नाही, लेक नाही, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर औषधाची बाटलीही नाही. जागेवर फक्त एक चिकट गोल वण.

आयिंगला फिट्स यायच्या. त्या बाटलीतल्या औषधाने आठ महिने एकही आली नव्हती. "मनाने बंद करायचं नाही," डॉक्टरांनी तीनतीनदा सांगितलं होतं, "एकदम थांबवलंत तर जोराने उलटेल." मेरिदेल पहाटेच्या बोटीने जायची, रात्री परतायची, दोन्ही वेळचं औषध सासूच्या हाती. म्हणून दर रविवारी आणि बुधवारी ती बाटलीच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची.

"माझ्यावर पहारा ठेवतेस होय?" सासू नानाय पुरिंग चिडवायच्या. नानाय म्हणजे आई.

"तुमच्यावर नाही, नानाय. बाटलीवर."

शेजारणीने लांबूनच ओरडून सांगितलं, "बास्केटबॉलच्या मैदानावर बघ! सगळं गाव तिथेच आहे!"

मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. धुपाच्या धुराने डोळे चुरचुरत होते. मधोमध टेबल, टेबलावर दोन वाडगे, आणि टेबलामागे पांढऱ्या सदऱ्यातला ताय आंबो. ताय म्हणजे बाबा. हा आठवड्यापूर्वी कुठूनसा उगवला आणि गावाचाच बाबा होऊन बसला होता.

"बंधूंनो, भगिनींनो, हा देवदूताचा केस!" दोन बोटांत बारीक चकचकीत तार धरून तो गर्जत होता. "भर वादळात मी एकटा होडीत, आणि वरून हा माझ्या मांडीवर पडला! दुकानात शोधा, मिळणार नाही. अमेरिकेत शोधा, मिळणार नाही. टकलू मंडळींनी उगाच आशेने बघू नये, एकच आहे!"

हशा पिकला. मग त्याने एका म्हातारीच्या बोटाभोवती तार गुंडाळली, काढली, वर धरली. "हा तुझा आजार. बघा, कसा वेटोळं घालून बसलाय!" तार डावीकडच्या वाडग्यात बुडवली. "हे नळाचं पाणी. डॉक्टरांचं पाणी!" काही झालं नाही. मग डोळे मिटून पुटपुटत त्याने ती उजवीकडच्या वाडग्यात सोडली. तो वाडगा फुलांनी आणि केळीच्या पानाने झाकलेला. तार टुणकन उसळली आणि तिची देखणी कमान झाली.

"स्वर्गाचं दार उघडलं! आता औषधं त्या टोपलीत टाकायची. एक थेंब जरी पोटात गेला तरी केस रुसतो!"

मेरिदेल माणसं ढकलत पुढे गेली. टोपली गोळ्यांच्या पाकिटांनी भरली होती. वरच तिची बाटली. तिने ती उजेडात धरली. बुधवारची रेघ, आणि औषध बरोबर त्या रेघेला टेकलेलं. दोन दिवसांत थेंबसुद्धा खाली गेला नव्हता.

पहिल्या रांगेत नानाय पुरिंग बसल्या होत्या, मांडीवर आयिंग.

"नानाय, हिला औषध दिलं नाहीत?"

"हळू बोल, इंदाय," लाडाने सुनेला त्या इंदाय, म्हणजे पोरी, म्हणायच्या. "चारचौघांत आहोत. बुधवारी हिच्यासाठी दार उघडलं. पोर बरी झालीये. बघ कशी शांत बसलीये."

त्या शांत बसण्याचीच मेरिदेलला धास्ती होती. आयिंग समोर बघत होती, पण कशाकडेच बघत नव्हती. तिचा डावा अंगठा आपोआप फुरफुरत होता.

"चला, घरी चला. आधी औषध."

"नाही!" नानायनी नातीला घट्ट धरलं. "आता पाजलंस तर सगळं उलटेल. त्यांनी सांगितलंय."

पोरीला ओढून घेता आलं असतं. पण सोमवारी पहाटे मेरिदेल बोटीवर असणार होती, आणि बाटली पुन्हा या हातांत. या हातांची खात्री पटल्याशिवाय काही खरं नव्हतं. ती घाईघाईने टेबलाकडे वळली. वाडग्याच्या काठावर ती कमान पडली होती, आणि मेरिदेलची जीभ आपण होऊन वरच्या दातांकडे गेली. हा आकार तिने दोन वर्षं तोंडात वागवला होता.

"ताय, केस जरा बघू?"

"हात लावायचा नाही! अविश्वासी हाताने काळा पडतो!"

"मग दात लावते."

त्याला कळायच्या आत तिने तार उचलली, ओठ वर केला आणि ती दातांवर टेकवली. या दाढेपासून त्या दाढेपर्यंत चपखल.

कडेला आल्याचा चहा विकणारी नांग लुसिंग, म्हणजे लुसिंगताई, म्हणाली, "अगं बाई! देवदूताचा केस हिच्या बत्तीशीच्या मापाचा कसा?"

"स्वर्गाची कमान सगळीकडे सारखीच असते!" ताय आंबो ओरडला, पण त्याचा हात उजव्या वाडग्यावर गेला होता.

"नांग लुसिंग, एक चहा द्या. आणि एक बर्फाचं पाणी."

मेरिदेलने तार बोटाभोवती पिळली आणि बर्फाच्या पाण्यात टाकली. वेटोळं तसंच. ते चहात सोडलं, आणि तार अशी उसळली की चहा तिच्या बाहीवर उडाला. ग्लासात कमान उभी.

"तुमच्या चहाला मंत्र कुणी घातला, नांग?"

"मी? मी सकाळपासून फक्त माश्यांना शिव्या घालतेय!"

मैदान खदखदून हसलं. नानाय पुरिंग मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, आयिंगला सुनेच्या कडेवर दिलं, टेबलापाशी गेल्या. ताय आंबो "पाण्याची ताकद जाईल" म्हणेपर्यंत त्यांनी पान सारून वाडग्यात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"गरम आहे," त्या हळूच म्हणाल्या.

टेबलाखालच्या कापडाआड थर्मास निघाला. धूप कशासाठी होता तेही कळलं: वाफ दिसू नये म्हणून. मेरिदेलने थोडक्यात सांगून टाकलं: ही दात सरळ करायची तार आहे, गार असताना वाकते, ऊब लागली की मूळच्या आकारात येते. इंजिनियरांनी ती विमानासाठी वापरली, दातांच्या डॉक्टरांनी आपल्यासाठी. दोघांनीही तिला कुणाचं औषध बंद करायला सांगितलं नव्हतं.

"पण माझी कंबर दुखायची थांबली ना!" एकाने वाद घातला. ताय आंबोने सदरा सावरत धक्क्याची वाट धरली, तर दोघंतिघं त्याच्यामागे पुढची तारीख विचारत गेले. जाऊ देत. मेरिदेलने दवाखान्यात फोन लावला. नर्स म्हणाली, "नेहमीचाच डोस आत्ता द्या, दुप्पट नको. आणि पुढच्या बोटीने घेऊन या."

नानायनी स्वतःच चमच्यात औषध मोजलं.

"तुझे डॉक्टर दोन मिनिटं बघतात," त्या म्हणाल्या. "हा माणूस तासभर माझं ऐकत होता. दिवसभर मी हिच्या तोंडाकडे बघत बसते, इंदाय. केव्हा फिट येईल या भीतीने मला अंघोळसुद्धा करवत नाही. बरी झाली म्हणाला, आणि दोन रात्री मी झोपले."

आठ महिने मेरिदेल रेघा मारत होती. सासूला काय वाटतं हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

नानायनी बाटली पुढे केली. "रेघ मार."

बोटीवर आयिंगला एक झटका आलाच. छोटा, पण आला. रात्र दवाखान्यात गेली. सकाळी आयिंगने भात मागितला आणि सासूसुना दोघी रडल्या.

टोपलीतली पाकिटं ज्याची त्याने उचलली होती. एक मात्र उरलं. बारीक पांढऱ्या गोळ्या, मागे वारांची नावं, बुधवारपर्यंतच्या फोडलेल्या. नांग लुसिंग ते पाकीट घेऊन दारोदार विचारत फिरते आहे. अजून कुणी "माझं" म्हटलेलं नाही. ते कुणाचं आहे, तो माणूस घरी एकटा आहे का, या विचाराने मेरिदेलचं कामात लक्ष लागत नाही.

म्हणून तुम्हाला विनवणी. चमत्कार दाखवणारा भेटला तर पाण्यात आधी स्वतःचं बोट घाला. आणि त्याआधी, आजच, तुमच्या घरात किंवा शेजारी जे कुणी रोज गोळ्या घेतं, त्यांच्याकडे जा. पाकीट उजेडात धरा. आजच्या वाराची गोळी फोडलेली आहे का बघा. नसेल तर रागावू नका. बसा, आणि का नाही घेतली ते नीट ऐकून घ्या.