पलीकडे दिली

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि खणखणत एकदाचं आडवं झालं. म्हणजे भिंगरी उठली. ही माझी लेक. दुपारी ती झोपते तेवढाच वेळ माझ्या लिहिण्याचा.

"मी काही नाही घेतलं," आतून आवाज आला. तोंडात बिस्कीट आहे हे आवाजच सांगत होता.

"घे, पण एकच," मी म्हटलं आणि पुन्हा फोनकडे बघितलं. माझ्या अहवालाचं काय झालं ते इंजिनियर साहेब आज कळवणार होते.

मोठा प्रकल्प येणार असला की आधी घरोघर फिरायचं आणि त्यानं माणसांच्या जगण्यात काय उलटंपालटं होईल ते लिहायचं, ही माझी नोकरी. या खेपेला मालगाड्यांचा मार्ग होता. घरांच्या दोन रांगा, त्यांची मागची दारं समोरासमोर आणि मधल्या पट्टीत गवतात बुडालेला जुना रूळ. त्यावरून कित्येक वर्षांत गाडी गेली नव्हती. आता तिथूनच गाड्या धावणार आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती उठणार. घर मात्र एकही पडणार नव्हतं. त्यामुळे साहेबांच्या लेखी सगळं आलबेल. "जाऊन या आणि उरकून टाका," ते म्हणाले होते.

पहिल्या दिवशी मलाही काही सापडलं नाही. मुलं कोण सांभाळतं, असं दारोदार विचारलं. प्रत्येकीचं उत्तर एकच, "मीच की!" कपडे शिवणाऱ्या ताईंनी तर मलाच झापलं, "काय विचारता बाई? आई नाही तर कोण?" मीही तेच लिहून घेतलं. मला कुणी विचारलं असतं तर मीही "मीच" म्हटलं असतं. सांभाळतात सासूबाई, पण जीभ वळते का?

दुसऱ्या दिवशी नेमक्या सासूबाई नणंदेकडे गेलेल्या. भिंगरीला बरोबर घ्यावं लागलं. शिवणाच्या ताई म्हणाल्या, "हिला ठेवा इथं, तुम्ही तुमचं काम करा." रांग संपवून आले तर भिंगरी नाही.

"कुठंय ती?"

"पलीकडे दिली."

"दिली म्हणजे?"

"अहो, पोर आहे, काचेची बशी नाही. फुटायची नाही!"

रूळ ओलांडून पळाले. पलीकडच्या घरात रात्रपाळीची नर्स डोळे चोळत बसली होती. "माझ्याकडेच होती, जेवली पोटभर. मग मला झोप यायला लागली, म्हणून घड्याळवाल्या आजोबांना दिली." आजोबा म्हणाले, "तिला माझं एक घड्याळ उघडायचं होतं. म्हटलं, बये, तू आपली पलीकडेच बरी." पुन्हा रूळ. शेवटी पाववाल्या काकूंच्या मांडीवर सापडली. नाकाला पीठ, गाढ झोप.

मी तिथेच बसले. "म्हणजे मुलं तुम्ही सगळे मिळून सांभाळता!"

"सांभाळतो कुठे?" काकू म्हणाल्या. "नुसतं घेतो आणि देतो. पोर रडल्याचं ऐकू आलं की जे मोकळं असेल ते उठतं."

त्यावरच तर नर्सची रात्रपाळी चालली होती, ताईंचं शिवणयंत्र चाललं होतं. आणि मधे भिंत उभी राहणार होती. घरी येऊन मी आधीचं सगळं बाजूला सारलं आणि भिंगरी त्या दिवशी कुणाकुणाच्या हातून कशी फिरली, ते जसंच्या तसं लिहिलं. खाली एकच मागणी केली: इथून तिथे जायला वाट ठेवा.

फोन वाजला.

"बाई, तुमचं ते बाळांचं प्रकरण वाचलं," साहेब म्हणाले. "घरी बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही वाट दिली नाहीत तर चहा स्वतः करून प्यायचा."

"मग?"

"मग काय, दिली! वस्तीच्या मधोमध रुळांखालून. दिवे लावू, पायऱ्या नकोत, उतारच करू. बाबागाडी सहज जाईल."

मी भिंगरीला उचलून गरगर फिरवलं. शिवणाच्या ताईंना फोन केला, तर त्या यंत्र न थांबवताच ओरडल्या, "अगं बाई, खरंच? पेढ्याबिढ्याचं राहू दे, पोरीला घेऊन ये!" इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

भिंगरीला सगळं समजावून हवं होतं. मी फरशीवर दोन डबे समोरासमोर ठेवले. ही घरं. मधे पाटी आणि पोळपाट उभे केले. या भिंती. खालून बोट सरकवलं. ही नवी वाट.

ती गुडघे टेकून डब्याशी वाकली, आणि तिनं भिंतीला कान लावला.

"आई, पण इकडे बाळ रडलं, तर पलीकडच्यांना ऐकू कसं येणार?"