वळणाचं अक्षर

“गुणाजीकाका, पडद्यावर काय आलंय, जरा वाचून दाखवा,” ऋजुता म्हणाली. गुणाजीनं डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

रोह्याच्या त्या रसायन कारखान्यात तो अठरा वर्षं रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं तापवायची मोठी बंद टाकी, चालवत होता. १९९६ साली त्यावर नवा संगणकी कंट्रोलर बसला आणि त्याची पंचाईत झाली. बटण दाबलं की मुख्य प्रोग्राम सुरू होण्याआधी पडद्यावर पाच इंग्रजी ओळी येत, मुंग्यांएवढ्या. पाणी चालू आहे का, झाकण बंद आहे का, असलं काहीबाही. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षं तो अंदाजानं पाच वेळा ‘हो’चं बटण दाबत आला होता.

“नाय दिसत, बाय,” तो शेवटी म्हणाला.

ऋजुता पेणहून रोज एस.टी.नं येणारी, पंचविशीची इंजिनीअर. ती रागावली नाही. तिनं आहे तीच अक्षरं मोठी करून पाहिली, तर त्यांना जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या. मग तीन आठवडे ती आलेखाच्या कागदावर वाकून अक्षरं आखत बसली.

एका सकाळी तिनं हाक मारली. “काका, करा चालू.”

गुणाजीनं बटण दाबलं. पडद्यावर मराठी उमटलं! ऋजुतानं एक कळ दाबली, अक्षरं फुगली. पुन्हा दाबली, आणखी मोठी झाली. शेवटी एकटा ‘ळ’ सगळा पडदा व्यापून उभा राहिला. गुणाजीनं नाक काचेला लावलं. कडेला एक खाच नव्हती. त्याच्या अंगावर काटा आला.

“ह्ये फुटत कसा नाय?”

“आधी यात अक्षरांचे ठिपके साठवले होते. आता नुसती वळणं साठवलीत. कुठून निघायचं, कुठं वळायचं. मापाप्रमाणे यंत्र स्वतः काढतं.”

“आमची हौसा हमरापुरात गणपतीचे डोले आखते,” गुणाजी हळूच म्हणाला. “मूर्ती वीतभर असो नायतर पुरुषभर, बायकोचा हात तसाच फिरतो. पन तिला हात तरी हाय. याला कोनी शिकवला?”

“मी,” ऋजुता लाजून म्हणाली.

त्यानं हात जोडले. पडद्याला की तिला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग तो एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागला. पाचवी त्यानं दोनदा वाचली. ‘सेफ्टी व्हॉल्व्ह हातानं फिरवून पाहिला का?’

या दोन वर्षांत त्यानं तो एकदाही फिरवून पाहिला नव्हता. तरी रोज ‘हो’ म्हटलं होतं. दाब चढला आणि तो अडकला असता, तर टाकी फुटली असती; खाली पन्नास माणसं काम करत होती.

“साहेबांना सांगून येतो,” तो म्हणाला.

“काका, कुणाला कळलेलं नाही. आणि आता तर दिसतंय तुम्हाला.”

“मला कळला ना, बाय.”

साहेबांनी ऐकून घेतलं, दोन दिवसांनी त्याची पॅकिंगला बदली केली. त्याच्या जागी शिवा आला. गुणाजी त्याला यंत्रामागं घेऊन गेला, व्हॉल्व्हचं चाक धरायला लावलं. गंजलेलं चाक दोघांनी जोर लावल्यावर करकरत फिरलं.

“आता जा, ‘हो’ दाब,” गुणाजी म्हणाला, आणि हात पुसत पॅकिंगकडे निघाला.