दोन सारखे कण

कौशिक खानवलकर झाशीला आला की दत्तोपंतांचा फोन दिवसभर वाजत राही. रेल्वेच्या कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले दत्तोपंत मुलाचं भौतिकशास्त्र समजल्याचा आव आणत नसत. पण त्याच्या सर्वांत गाजलेल्या पेपरचा जगात किती जणांनी आधार घेतलाय, हे ते रोज सकाळी इंटरनेटवर बघत. आकडा चौदाशेच्या पुढे गेला, तेव्हा त्यांनीच मराठी समाजाच्या मंडळींना सुचवलं की आता सत्कार व्हायला हवा.

रविवारी सकाळी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. चिटणीस बापूराव म्हणाले, "एक नवा कण असेल तर तो कसा फुटेल, हे आपल्या झाशीच्या मुलानं जगाला सांगितलं!" टाळ्या पडल्या. कौशिक मान खाली घालून बसला. लोकांना तो विनय वाटला.

त्या पेपरातलं मुख्य सूत्र चुकलं होतं. तो कण फुटल्यावर अगदी सारखे दोन कण निघतात. त्यांची अदलाबदल केली तरी फरक पडत नाही, म्हणून उत्तर निम्मं करायचं असतं. कौशिकनं ते केलं नव्हतं. वर्गात शिकवताना हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो फळ्यासमोर थिजून उभा राहिला होता. दुरुस्ती छापायला हवी होती. पण त्या वर्षी बढतीची मुलाखत होती, पुढच्या वर्षी एका समितीवर नेमणूक, आणि मग इतका काळ लोटला की आता का, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, याचीच त्याला भीती वाटू लागली.

कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारी मुलगी चहाच्या वेळी जवळ आली. "सर, मैं ईशानी. लघाट्यांची. मी तुमच्याच पेपरवर पीएचडी करत होते."

"करत होतीस?"

"सोडली, सर." ती ओशाळून हसली. "तुमचं सूत्र माझ्याकडून येतच नव्हतं. दर वेळी निम्मं यायचं. गाइड म्हणाले, जिसको इतना नहीं आता, उसने रिसर्च में नहीं आना चाहिए. आता कोचिंगमध्ये बारावीला शिकवते."

कौशिकनं कप खाली ठेवला. आत्ताच सांगायचं होतं. भोवती बापूराव होते, समाजातल्या बायका होत्या, बाबा होते.

"पुन्हा एकदा करून बघायचं होतंस," तो म्हणाला.

"आमच्या कौशिकचं गणित सगळ्यांना नाही झेपत, बेटा," दत्तोपंत कौतुकानं म्हणाले. ईशानीनं मान डोलावली.

घरी कौशिक जेवायला बसला. पान तसंच टाकून त्यानं बाबांना सगळं सांगितलं.

"म्हणजे त्या पोरीचं बरोबर होतं?"

"हो."

"आणि मी तिला चारचौघांत काय बोललो!" दत्तोपंत म्हणाले. "तू मला का बोलू दिलंस?"

कौशिक उठला आणि ई-रिक्षा करून लक्ष्मी गेट भागात लघाट्यांकडे गेला.

ईशानीच्या घरी पुढच्या खोलीत तिच्या घरच्या शिकवणीची बाकडी होती. तिनं पंखा लावला, पाणी आणलं. कौशिकनं पाण्याला हात लावला नाही.

"तुझं उत्तर बरोबर होतं," तो म्हणाला. "निम्मंच यायला हवं. चूक माझी आहे."

ती एकदम बाकावर बसली. मग हळूच तिचा चेहरा उजळला, आणि पुढच्याच क्षणी बदलला. "तुम्हाला हे आत्ता कळलं? माझ्यामुळे?"

हो म्हटलं असतं तर ती खूश झाली असती. कौशिकला ते कळत होतं.

"नाही. तीन वर्षं झाली."

"मी मागच्या वर्षी सोडलं, सर."

बाहेर कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मी दुरुस्ती छापतो. तुझं नाव घालून," तो म्हणाला. आपण काही देऊ करतोय असा सूर त्यात आल्याचं त्याला स्वतःलाच ऐकू आलं.

"नाव घालाच. माझं आहे ते," ईशानी म्हणाली. "पण आधी गाइडना फोन करा. इथेच, माझ्यासमोर."

तिनं नंबर लावून दिला. पलीकडून गाइडचा आवाज आदरानं भरून आला, "अरे खानवलकर सर, आप! धन्य भाग हमारे!" कौशिकला हिंदीत शब्द शोधावे लागले. ग़लती मेरी थी. लड़की सही थी. मुझे पता था. शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं, कारण गाइडना पहिल्यांदा ते ऐकू आलं नाही, की त्यांनी तसं दाखवलं.

"सर," गाइड अखेर म्हणाले, "मैंने तो उसे सबके सामने डाँटा था."

ईशानीनं फोन घेऊन बंद केला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. "आता तुम्ही जा. मुलं येतील."

दुरुस्ती दोघांच्या नावानं छापून आली. ईशानी दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या विषयावर पीएचडी करू लागली. कौशिकनं शिफारसपत्र देऊ का विचारलं, तर उत्तर आलं, "नको. मिळाला प्रवेश."

दत्तोपंत मात्र मुलाला न सांगता एका संध्याकाळी लघाट्यांकडे जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कौशिकला विचारायचा धीर झाला नाही.