एतेरीच्या पेटीला लागलेले कुलूप

मी एक जुने कुलूप आहे. पितळी, सात लिव्हरचे, वजनाला पाऊण किलो. पुण्यात नारायण पेठेतल्या दोन खोल्यांच्या एका घरात, फडताळाच्या वरच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, कुलपाने कसले आत्मवृत्त सांगायचे, त्याचे काम मुकाट्याने लटकण्याचे, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. चाळीस वर्षे मी तेच केले. पण एक गोष्ट मनात अशी घर करून बसली आहे की ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म अलीगढच्या एका अरुंद गल्लीतला. वितळलेले पितळ साच्यात ओतले, कानशीने घासून गुळगुळीत केले, पोटात सात पट्ट्या बसवल्या. ज्या कारागिराने मला घडवले तो प्रत्येक कुलूप लावून त्याला दोन्ही हातांनी लोंबकळायचा. उघडले तर पुन्हा भट्टीत. मी उघडले नाही. तेव्हापासून माझ्या अंगात थोडी मिजास आली, ती काही वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होती.

तिथून मी पुण्याला बोहरी आळीत आले. दुकानात एक बावीस वर्षांची सडपातळ मुलगी आली. तिचे नाव मंदाकिनी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, भांडारात कारकून म्हणून ती नुकतीच लागली होती. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि दुकानदाराला विचारले, गॅरंटी आहे का. दुकानदार पेपरातून मान वर न करता म्हणाला, "कुलपाची आहे. दाराची नाही." मंदाकिनीने मला पिशवीत टाकले.

पुढे पस्तीस वर्षे मी तिच्या घराच्या दारावर होते. ती सकाळी सहाला मला लावून कारखान्याला जाई. भांडारात दिवसभर कुलपे लावायची, लाखेचे सील ठोकायचे, वहीत सही करायची. घरी आले की तोच कित्ता. तिने लग्न केले नाही. आईचे आजारपण केले, धाकटा भाऊ श्रीधर शिकवून मार्गी लावला. एकदा आमच्या मजल्यावर दोन घरे फुटली, मंदाकिनीचे शाबूत राहिले. तेव्हा शेजारीपाजारी मला हात लावून पाहून गेले. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणे झाले होते.

मग इमारतीतल्या सगळ्यांनी आपोआप बंद होणारी नवी दारे बसवली आणि मी फडताळात पडले. माझी एक किल्ली माझ्याशेजारी, दुसरी वाघोलीला श्रीधरच्या घरी. दोन पावसाळे मला कोणी विचारले नाही. अंगावर हिरवट डाग पडले. कामाचा माणूस निवृत्त झाला की त्याचे काय होते, ते मला कळले.

मंदाकिनीताईंनाही ते त्याच सुमारास कळले. आई गेलेली, नोकरी संपलेली. एके दिवशी त्यांनी श्रीधरला आणि भावजयीला, आनंदीला, जेवायला बोलावून सांगितले की आपण अडीच आठवडे परदेशी चाललो आहोत. एकट्या. पाठीवर पिशवी घेऊन. मोठ्या हॉटेलात न उतरता हॉस्टेलात राहायचे, म्हणजे एका खोलीत आठ जणांच्या खाटा, आणि नंतर खेड्यात कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून. देश निवडला होता जॉर्जिया, डोंगरांतला. आनंदीने सुचवले की वन्सं, एखाद्या टूरबरोबर जा की. ताई म्हणाल्या, "टूरवाले सहाला उठवतात. अडतीस वर्षं भोंग्यावर उठले, तेवढं पुरे."

श्रीधरने विचारले, "तिथे ओळखीचं कोणी आहे का?"

"नाही. म्हणून तर जातेय."

श्रीधर भावंडाच्या काळजीने बोलत होता, हे ताईंना समजत होते. शेवटी त्याने एकच वचन घेतले. पासपोर्ट कधीही उघड्यावर ठेवायचा नाही, कोणाच्या घरी तर मुळीच नाही. हॉस्टेलनेही कळवले होते की कपाटासाठी स्वतःचे कुलूप आणावे. ताई बाजारात फिरल्या, पण तिथली चिमुकली कुलपे त्यांना खेळण्यातली वाटली. मग फडताळ उघडले. मला चिंचेने घासले, पोटात तेल सोडले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी माझा विमानप्रवास झाला, आणि खरे सांगते, माझी छाती फुगली होती.

तिबिलिसी नावाच्या शहरातल्या हॉस्टेलात पहिल्याच संध्याकाळी माझी फजिती झाली. कपाटाची भोके शेंगदाण्याएवढी आणि माझा दांडा बोटाएवढा. ताईंनी दामटून पाहिले, तिरके धरून पाहिले. वरच्या खाटेवरची ब्राझीलची मुलगी खाली वाकून बघत होती. तिने मला हातात घेतले आणि हे पुराणवस्तूंच्या दुकानातून आणले का, असे अगदी निरागसपणे विचारले. बारा दिवस मी पिशवीच्या तळाशी निव्वळ ओझे म्हणून हिंडले. ताई पासपोर्ट उशीच्या अभ्र्यात घालून झोपायच्या. तरी त्या खुलत होत्या. अनोळखी पोरींना पिठल्याचे सुके पीठ कालवून खाऊ घालत होत्या, मोडक्या इंग्रजीत हसत होत्या. त्यांचे असे हसणे मी दारावर असताना क्वचितच ऐकले होते.

तेराव्या दिवशी त्या डोंगरातल्या एका गावी गेल्या. तिथे एतेरी नावाच्या बाईंकडे चार दिवस राहायचे ठरले होते. एतेरी सत्तरीच्या, विधवा, लाकडे स्वतः फोडणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते. शेजारची नीनो नावाची शिक्षिका दोघींमध्ये दुभाषी व्हायची. मंदाकिनीताई मांस खात नाहीत हे कळल्यावर एतेरींनी चार दिवस चुलीवर घेवडा आणि चीज भरलेल्या भाकऱ्या केल्या, स्वतःही तेच खाल्ले. ताईंना आयुष्यात कोणी असे आयते पान वाढले नव्हते. पहिल्या रात्री जेवताना त्यांना रडू आले आणि त्यांनी ते तिखटावर ढकलले. जेवणात तिखट नव्हते.

त्या घरात अक्रोडाच्या लाकडाची एक मोठी पेटी होती. एतेरींच्या वडिलांनी त्यांच्या लग्नात स्वतःच्या हाताने केलेली. एतेरींनी तिच्यातला एक कोपरा रिकामा करून ताईंना सामान ठेवायला दिला. पेटीला जुनी लोखंडी कडी होती, कोयंडा होता, पण कुलूप कधी लागलेलेच नव्हते.

चौथ्या दिवशी ताई झऱ्यापर्यंत चालायला निघाल्या. पासपोर्ट भिजायला नको म्हणून त्यांनी तो पेटीत ठेवला. झाकण लावले. दारापर्यंत गेल्या, परत आल्या. श्रीधरला दिलेले वचन आठवले असेल. पिशवीच्या तळातून मला काढले आणि कोयंड्यात घातले. मी बरोब्बर बसले. त्या लोखंडाची आणि माझी जोडी जणू एकाच भट्टीतली. बारा दिवस अपमान गिळल्यावर मला काम मिळाले होते. मी खट्कन लागले. ताईंनी मला तीनदा ओढून पाहिले, किल्ली रुमालाच्या गाठीत बांधली आणि त्या गेल्या.

त्यानंतर जे घडले ते फक्त मी पाहिले. दुपारी एतेरी खोलीत आल्या. पेटीपाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांनी मला तळहातावर घेतले, काही वेळ पाहिले, आणि आवाज होऊ न देता पुन्हा सोडले. मग त्या स्वयंपाकघरातला मळका रुमाल डोक्याला बांधून बाहेर पडल्या. मित्रांनो, मी तेव्हाही मिजाशीतच होते. पाहिलेत, घरच्या मालकिणीलासुद्धा मला हलवता आले नाही, असे मला वाटले.

संध्याकाळी ताई परतल्या. कुरणात त्यांनी घाम पुसायला रुमाल सोडला होता आणि गाठीत आता किल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गावातली एकच मिनीबस जाणार होती आणि परवा त्यांचे विमान होते. पण पासपोर्टापेक्षा त्यांना वेगळीच धास्ती पडली होती. जिने सख्ख्या बहिणीसारखे केले तिच्या पेटीला आपण कुलूप लावले, हे आता तिला सांगावे लागणार होते. विमान चुकले तर दुसरे मिळाले असते. ही बाई मनातून उतरली तर ती कुठून मिळणार? साठीच्या मंदाकिनीताई पेटीपाशी खाली बसून एखाद्या शाळकरी पोरीसारख्या नखे कुरतडत होत्या.

नीनो आली, तिने एतेरींना सांगितले. त्यांनी लोखंड कापायची करवत आणली आणि माझ्या पोलादी दांड्यावर लावली. पहिले पाते बोथट झाले. दुसरे तुटले आणि त्यांच्या अंगठ्याला लागले. त्यांनी हातोडा घातला. मला एक खोक पडली, मी उघडले नाही. मला तर घडवलेच होते न उघडण्यासाठी. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आले की मी जरा कच्चे असते तर बरे झाले असते.

मग एतेरींनी पहार आणली. ताई नको नको म्हणत असताना त्यांनी ती कोयंड्याखाली घातली आणि जोर दिला. वडिलांनी ठोकलेले खिळे कुरकुरत निघाले. अक्रोडाच्या लाकडाला वीतभर चीर गेली. झाकण उघडले.

एतेरींनी आतून पासपोर्ट काढून ताईंच्या हातात दिला. मग स्वतःसाठी एक काळी शाल आणि मेणबत्त्यांची जुडी काढली. नीनो हळू आवाजात म्हणाली की आज त्यांच्या नवऱ्याचा स्मृतिदिन. दुपारी त्या थडग्यावर जाऊन आल्या, तशाच, रिकाम्या हाताने.

नीनोने विचारले, कुलूप सवयीने लावले का? सुटायला वाट होती. अडतीस वर्षे भांडारात काढलेल्या बाईला सवय म्हणणे शोभलेही असते.

"सवय होतीच," त्या म्हणाल्या, "पण मला भीती वाटली. ह्यांची. त्यांना असंच सांग."

नीनोने सांगितले. एतेरी शाल घडी घालत होत्या. त्यांनी घडी पुरी केली, मग नीनोकडे बघून काहीतरी बोलल्या. नीनो एकदम लाजली.

"त्या म्हणतात, तुम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी चांदीचे सहा चमचे माझ्या घरी आणून ठेवले. परकी बाई, काय सांगावं. ते अजून माझ्याकडेच आहेत."

ताई आधी बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटले, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागले. एतेरींचेही तेच झाले. एतेरींच्या अंगठ्याला चिंधी बांधून दोघी उजेड होता तोवर थडग्यावर गेल्या आणि मेणबत्त्या लावून आल्या.

सकाळी एतेरींनी झाकणावरची कडीही खिळे उपसून काढली आणि कोयंड्यासकट मला ताईंच्या हाती ठेवले. पाहुणीची वस्तू ठेवून घ्यायची त्यांच्याकडे रीत नव्हती. असे मी पुण्याला परत आले, दुसऱ्याच्या घरची कडी पोटाशी धरून.

श्रीधरने आपल्याकडच्या किल्लीने मला उघडले. ताईंनी तो कडी-कोयंडा जुन्या बाजारातल्या लोहाराकडून सरळ करून घेतला, तेल लावून कापडात गुंडाळला. श्रीधर म्हणाला की पोस्टाने पाठवून दे. ताईंनी वर्षभर पाठवला नाही. मग एक दिवस फोनवर नीनोचा निरोप आला, एका ओळीचा: एतेरींनी चमचे घरी नेले आहेत.

त्याच आठवड्यात ताईंनी तिकीट काढले आणि कापडात गुंडाळलेला कडी-कोयंडा पिशवीत ठेवला. श्रीधर सोडायला आला होता. पिशवी उचलताना त्याने सवयीने विचारले, "ताई, कुलूप घेतलंस?"

"नाही."

"मग पासपोर्ट कुठे ठेवणार?"

"एतेरीकडे देणार आहे," ताई म्हणाल्या. "सांभाळायला."

मित्रांनो, मी फडताळातून ऐकत होते. मला नेले नाही ह्याचे वाईट वाटले का? थोडे वाटले. मी माझे काम चोख केले होते, आणि तेच माझ्या हातून घडलेले सगळ्यात वाईट काम ठरले. तुमच्या घराला कुलूप जरूर लावा. वर्षातून एकदा त्याला तेल द्या, किल्ल्या जपा. आम्ही तुम्हाला दगा देणार नाही. पण कोणी आपल्या ताटातले तुमच्या पानात वाढत असेल, तर त्या घरात आम्हाला बाहेर काढण्यापूर्वी क्षणभर थांबा. आम्हाला चोर आणि यजमान यांतला फरक कळत नाही. तो तुम्हालाच कळायला हवा.